बेटावरून बेटावर जाताना काय घालावं?

वाचकाचं पत्र

ताई, मी गोरेगावला राहते. वय 48, सहकारी बँकेत नोकरी. जानेवारीत आम्ही अकरा जण सहा रात्रींसाठी अंदमानला चाललोय. आम्ही दोघं, मुलगा, सासूबाई (वय 74), दीर-जाऊ, नणंद आणि तिचे मिस्टर, आणि त्यांची मिळून तीन मुलं. नणंदेने व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढून रोजचा रंग ठरवलाय. पहिल्या दिवशी फुलाफुलांचं, दुसऱ्या दिवशी पांढरं, मग निळं, पिवळं वगैरे. रोज ती लांब पायघोळ 'बीच गाऊन'चे फोटो टाकते. मी साडी आणि पंजाबी ड्रेस सोडून आयुष्यात काही घातलेलं नाही. अंगाने भरलेली आहे, ट्रिपल एक्सएल लागतं. मिस्टर म्हणतात, तिकडे तुला कोण बघतंय? सासूबाई म्हणतात, गाऊन घालून चारचौघांत हिंडायचं? कपड्यांसाठी 8000 रुपये बाजूला काढलेत, त्यात माझं आणि सासूबाईंचं बसवायचंय. लिंकिंग रोडला जाऊ, मॉलमध्ये जाऊ की ऑनलाइन मागवू? आणि नणंदेचं मन न मोडता या रंगांतून सुटू कशी? (पाण्याखालचे मासे बघायची फार इच्छा आहे. पोहता येत नाही. पण त्याला तो पोहायचा ड्रेस लागतो ना, ते काही मला जमायचं नाही.)
तुमची एक वाचक, गोरेगाव

उत्तर

गोरेगावकर ताई,

तुमच्या सासूबाईंचं वाक्य वाचून मी एकटीच हसत बसले. गाऊन म्हणजे काय ते त्यांना बरोबर ठाऊक आहे. सकाळी दुधवाल्याला दार उघडताना ज्याच्यावर ओढणी टाकायची, कचरेवाला येऊन जाईपर्यंत जो अंगात ठेवायचा आणि बेल वाजवून अचानक पाहुणे आले की ज्याच्यामुळे आत पळायचं, तो गाऊन. तो घालून लेक समुद्रावर फोटो काढणार म्हटल्यावर त्यांनी समजायचं तरी काय? त्यांना सांगा, हा घरातला गाऊन नव्हे, झगा आहे. झगा म्हटलं की त्या पिढीचा विरोध निम्मा गळतो. लहानपणी सगळ्यांनीच घातलेला असतो.

तुम्ही चार गोष्टी विचारल्यात, त्यातली एक कंसात टाकलीत. मी कंसापासून सुरुवात करते, कारण 8000 रुपये कुठे जाणार ते तिथे ठरतं.

मासे बघायला पोहता यावं लागत नाही. स्वराज द्वीपवर, म्हणजे जुन्या हॅवलॉकवर, एलिफंट बीच नावाचा किनारा आहे. तिथे बोटीने नेतात. लाइफ जॅकेट घालतात, डोळ्यांवर आणि नाकावर मास्क चढवतात, तोंडात नळी देतात, आणि एक मुलगा तुम्हाला रिंगला धरून पाण्यावर पालथं तरंगवत घेऊन जातो. तुम्ही फक्त तोंड पाण्यात घालायचं आणि तोंडाने श्वास घ्यायचा. पहिली दोन मिनिटं जीव घाबरतो, मग खाली पिवळेकाळे पट्ट्यांचे मासे दिसायला लागतात आणि तुम्ही घाबरायचं विसरता. दमा किंवा हृदयाचं काही असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. हे मी सगळ्यांनाच सांगते.

आता तो ड्रेस. तुमच्या डोळ्यांसमोर जो आहे, तो तिथे कुणीच तुमच्यावर लादणार नाही. मनगटापर्यंत बाह्या, घोट्यापर्यंत पाय, गळा बंद, आणि मांडीपर्यंत येणारा वरचा झगा असा नायलॉन-लायक्राचा सेट मिळतो. तुमच्या पंजाबी ड्रेसपेक्षा तो जास्त अंग झाकतो. त्यात लाजेपेक्षा मोठं कारण उन्हाचं आहे. पालथं तरंगताना तोंड पाण्यात असतं पण पाठ आणि पोटऱ्या उन्हात भाजत असतात, आणि पाणी गार लागत असल्यामुळे ते कळत नाही. कळतं ते रात्री, चादर लागल्यावर. शिवाय प्रवाळ धारदार असतं, नुसतं घासलं तरी ओरखडा निघतो.

पंजाबी ड्रेसवरच उतरणाऱ्या बायका तिथे रोज दिसतात, कुणी अडवत नाही. मीही पहिल्या खेपेला तशीच उतरले होते. कुर्ता फुगून वर आला आणि लाइफ जॅकेटच्या पट्ट्यांत गोळा होऊन बसला. सलवारीत पाणी भरलं. बाहेर येताना दोन्ही हातांनी सलवार धरून चालत होते, कारण नाडीवर माझा विश्वास उरला नव्हता. कुर्ता गर्द जांभळा, ठशांचा, 'प्युअर कॉटन' म्हणून घेतलेला. बोटीत शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर त्याने जो ठसा उमटवला तो अजून गेलेला नाही. शर्ट आता गाडी पुसायला आहे.

तेव्हा पहिले पैसे या सेटवर घाला. हजार ते दोन हजारांत चांगला येतो. तुमच्या मापात तो दुकानांपेक्षा ऑनलाइन सहज मिळेल, पण ट्रिपल एक्सएल या अक्षरांवर जाऊ नका. एकाचं थ्री एक्सएल म्हणजे दुसऱ्याचं एक्सएल असतं. टेप घ्या, छाती, कंबर आणि सीट इंचांत मोजा आणि तक्त्याशी ताडून बघा. आला की घरी घालून हात वर करा, उकिडव्या बसा, वाका. पोटावरून वर सरकत असेल तर परत पाठवा. जमलं तर निघण्याआधी एकदा तो घालून जवळच्या तरणतलावात जाऊन या. बायकांची वेगळी वेळ असते का ते विचारा. नव्या कपड्याची लाज गोरेगावच्या तलावात संपली की अंदमानात फक्त मासे उरतात.

उरलेल्या कपड्यांचं सांगते, पण आधी एक भूगोलाचा प्रश्न. गोरेगाव कुठे आहे? साष्टी बेटावर. जुनी मुंबई सात बेटांची हे शाळेत पाठ केलेलं असतं, पण माहीमच्या खाडीपलीकडचं वांद्र्यापासून वरचं सगळं साष्टी, तेही बेटच. 1845 साली माहीमचा कॉजवे झाला तोवर माहीमहून वांद्र्याला होडीने जात. म्हणजे तुम्ही जन्मभर बेटावर राहताय. घाम, खारा वारा, दोन दिवस न वाळणारे कपडे आणि अचानक घोट्याएवढं पाणी, हे सगळं तुम्ही दर जुलैत झेलता, तेही नऊ-त्रेपन्नची लोकल पकडून. अंदमानसाठी वेगळी पोशाखविद्या लागत नाही. माळ्यावरची पावसाळ्याची पिशवी खाली काढा.

तिच्यात काय निघेल ते मी न बघता सांगते. मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल असतील. त्या घ्याच, कारण ओली वाळू साधी चप्पल पायातून ओढून घेते, आणि शहीद द्वीपवर (जुनं नील) जो नैसर्गिक खडकाचा पूल बघायला नेतात तिथे ओहोटीला शेवाळलेल्या दगडांवरून चालावं लागतं. काळी लेगिंग असेल, ऑफिसात पोचेपर्यंत वाळणारी. मोबाइलची प्लॅस्टिकची पाकिटं असतील. पातळ विंडचीटर असेल, तो बोटीत लागेल. खासगी बोटींत एसी इतका गार ठेवतात की जानेवारीत माथेरानला गेल्यासारखं वाटतं. बाहेर मात्र स्वेटर लागत नाही. तिथे जानेवारीतली रात्रसुद्धा गोरेगावच्या जानेवारीतल्या रात्रीपेक्षा उबदार असते. या सगळ्याला एक रुपया लागला नाही, हे लक्षात असू द्या.

आता खरेदी. मॉल तुमच्या कामाचा नाही. डिसेंबरात तिथे स्वेटर टांगलेले असतात, मुंबईत कुणासाठी ते त्यांनाच माहीत. मॉलमध्ये जायचंच तर ट्रायल रूमसाठी जा. तिथे दोन-तीन घाट अंगावर चढवून बघा, आपल्याला बरं काय दिसतं ते ठरवा आणि रिकाम्या हाताने परत या.

लिंकिंग रोड आणि फॅशन स्ट्रीटवर गंमत आहे, पण ती मुख्यतः बारीक मुलींची. 'फ्री साइज' म्हणजे लार्जपर्यंत, त्यापुढे इलॅस्टिक जितकं ताणेल तितकं. ट्रायल नाही, परत घेत नाहीत. तरी जाणार असाल तर आपला नीट बसणारा एक कुर्ता पिशवीत घालून न्या. मी नेते. दुकानदार हवा तो पीस काढतो, मी माझा कुर्ता त्याच्यावर पसरते, खांद्याला खांदा, काखेला काख. मागे एकदा एक पोरगा 'आंटी, फिट आयेगा, गॅरंटी' म्हणत होता आणि माझा कुर्ता दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं बाहेर डोकावत होता. आम्ही दोघांनी एकदमच खाली बघितलं. मग तोच हसला आणि म्हणाला, "नहीं आयेगा." भाव करायचा तो यानंतर, आधी नाही. आणि भाव करताना मुलाला दूर उभा करा. मुलं 'आई, मस्त आहे, घेऊन टाक' म्हणून घात करतात.

कापड ओळखायची एक युक्ती देते, तेवढी हाताशी ठेवा. शिवणीतून लोंबणारा एक धागा ओढून घ्या, मध्यभागी जिभेने ओला करा आणि दोन्हीकडून ताणा. ओल्या जागी पटकन तुटला तर ते रेयॉन आहे, दुकानदार काहीही म्हणो. सुती धागा ओला झाला की उलट चिवट होतो. रेयॉन दिसायला सुरेख, अंगावर छान पडतं, पण भिजलं की त्याचा जीव जातो. ओघळतं, लोंबतं, आणि वाळल्यावर दोन इंच आखडतं. हॉटेलात जेवायला जाताना घाला, पाण्याजवळ नको. दुसरी परीक्षा रंगाची. पांढरा रुमाल ओला करून कपड्याच्या आतल्या बाजूला घासायचा. ही मी जांभळ्या कुर्त्यानंतर शिकले.

तुमच्यासाठी माझं मत शिवून घ्यायचं. गोरेगावहून हार्बरची सीएसएमटी गाडी सुटते, म्हणजे बसायला मिळतं. रविवार सोडून जा. त्या दिवशी मंगलदास मार्केट बंद, आणि वर मेगाब्लॉक. सीएसएमटीवरून क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूने चालत दहा-पंधरा मिनिटं. आत शिरलात की गल्ल्याच गल्ल्या आणि दोन्हीकडे कापडाचे तागे. पहिल्या दुकानात काही घेऊ नका, फक्त भाव विचारा. सुती वायल किंवा मलमल, छापील, मध्यम रंगाची बघा. तुमच्या मापाला गुडघ्याखाली येणाऱ्या सैल झग्यासाठी 44 इंची पन्ह्याचं तीन मीटर धरा. असे दोन झगे घ्या. समोरून बटणं, कोपरापर्यंत बाही, दोन्ही बाजूंना गुडघ्यापर्यंत कट, आणि खिसे. खिशांचं शिंप्याला दोनदा सांगा. बायकांच्या कपड्यांना खिसा ठेवायचा म्हटलं की त्यांच्या हातून कात्री गळते. हाच झगा एक दिवस लेगिंगवर कुर्त्यासारखा, एक दिवस नुसता, आणि पोहण्याच्या सेटवर बटणं सोडून अंगरख्यासारखा. कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात खांदे वर येतील.

लांबी घोट्याच्या वर चार बोटं, त्याखाली नको. जमिनीपर्यंतचे ते पायघोळ झगे फोटोत फार सुंदर दिसतात हे मान्य. पण तो फोटो काढायला लागणारी दोन मिनिटं सोडली तर बाकी वेळ घेर हातात धरूनच चालावं लागतं. घेर एकदा ओल्या वाळूला लागला की वाळू पितो आणि जड होतो, मग तुम्ही परकरात पाय अडकलेल्या नवरीसारख्या चालता. आणि जेट्टीवर बोटीत चढताना, फळी हलत असताना, तो पायात येणं हे नुसतं हास्यास्पद राहत नाही. तरी तुम्हाला मनातून तसा एक हवा असेल तर घ्या हो. वयाचं काय? 48 म्हणजे काही काशीला जायचं वय नाही. फक्त तो कोरड्या संध्याकाळचा समजा.

संध्याकाळवरून आठवलं. अंदमान आपल्यापासून जवळजवळ वीस रेखांश पूर्वेला, पण घड्याळ आपलंच. त्यामुळे जानेवारीच्या मध्यात तिथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो आणि सव्वापाचच्या सुमारास मावळतो. मुंबईत त्या दिवसांत सूर्यास्त सहा वीसच्या आसपास. स्वराज द्वीपवरच्या राधानगर किनाऱ्यावरचा सूर्यास्त बघायला लोक चार वाजताच वाळूवर जाऊन बसतात. दुपारी जेवून अकरा माणसं आडवी झाली, पाच वाजता उठून तयार व्हायला लागली, की रंग पिवळा असो की निळा, फोटो काळोखाचाच. नणंदबाईंना ही माहिती तुम्हीच द्या. रंगांपेक्षा तिला याचा जास्त उपयोग होईल, आणि ग्रुपवर तुमचं वजनही वाढेल.

आता त्या रंगांचं. नवरात्रातल्या नऊ रंगांनी आपल्याला ही सवय लावली. ऑफिसच्या लेडीज डब्यात अख्खा डबा राखाडी दिसला की मलाही बरं वाटतं, खोटं का बोलू. पण तिथे कपाटात असलेली साडी काढायची असते, इथे प्रत्येक रंगासाठी नवा खर्च. नणंदेवर रागावू नका. आई 74 वर्षांची झाली, सगळे पुन्हा एकत्र कधी निघणार, भिंतीवर लावायला एक फोटो तरी नीट यावा, असं तिच्या मनात असेल. ते बोलता येत नाही म्हणून रंग पाठवत असेल. हा माझा अंदाज, पण ती लेक आहे म्हणून करते.

तेव्हा रंग मोडू नका, त्यांचा आकार लहान करा. मंगलदासला गेलातच तर सुती साधे स्टोल घ्या, निळा, पिवळा आणि आणखी जो ठरला असेल तो. गळ्यात, डोक्याला, उन्हात खांद्यांवर, सगळीकडे चालतो. ग्रुपवर एकच ओळ टाका: "रंग सगळे पाळणार, पण माझे स्टोलमध्ये. बॅग 15 किलोच्या वर गेली तर तुझ्या भावालाच उचलायची आहे." बहुतेक विमानांना आपल्याकडे सामानात 15 आणि हातात 7 किलो एवढंच नेऊ देतात, त्यामुळे हे काही नुसतं निमित्त नाही. एक दिवस मात्र तिच्या मनासारखा पूर्ण करा. पांढऱ्याचा करा म्हणेन, कारण पांढरा कुर्ता तुमच्याकडे असणारच. पांढऱ्याखाली पांढरं घालायचं नाही, अंगाच्या रंगाचं घालायचं, आणि त्या दिवशी पाण्यापासून चार हात लांब. भिजलेलं पांढरं सुती कापड काहीच झाकत नाही.

एक बदल मात्र सुचवाच. पहिल्या दिवशी तुमची मंडळी पोर्ट ब्लेअरला उतरणार (2024 पासून त्याचं नाव श्री विजयपुरम आहे, तिकिटांवर गोंधळू नका) आणि बहुतेक त्याच दुपारी सेल्युलर जेल. तिथे फुलाफुलांचं नको. जिथे फाशीघर आहे, जिथे कोलूला, म्हणजे तेलाच्या घाण्याला, माणसं जुंपली, तिथे अकरा जणांनी जास्वंदीच्या छापाचे शर्ट घालून रांगेत उभं राहायचं, हे मला तरी बघवणार नाही. तो दिवस साध्या कपड्यांचा ठेवा, फुलं राधानगरला न्या.

आणि तुमच्या सासूबाई अंदमानला बहुधा त्या जेलसाठीच येताहेत. त्यांच्या पिढीतल्या मराठी माणसाला अंदमान म्हणजे समुद्रकिनारा नाही, काळं पाणी. 1911 ते 1921 सावरकर तिथे होते, त्यांचे थोरले बंधू बाबारावही तिथेच. ती कोठडी वरच्या मजल्यावर आहे, जिने चढावे लागतात. म्हणून त्यांच्या कपड्यांत पहिला विचार पायांचा. नवी चप्पल अजिबात नको. रोजची, झिजलेली, पण मागे पट्टा लावून घेतलेली. कोपऱ्यावरचा चांभार पट्टा लावून देईल. साडीचं म्हणाल तर त्यांना नवं काही घालायला लावू नका. पातळ वायलच्या, हलक्या रंगाच्या दोन पाचवारी घ्या, जरीकाठ नको, खाऱ्या पाण्याने जर काळवंडते. परकर नेहमीपेक्षा तीन बोटं आखूड शिवा. पाण्यात पाय घालायला त्या साडी वर धरतील तेव्हा परकर आपोआप वर राहील. (नऊवारी नेसत असत्या तर काहीच सांगायला लागलं नसतं. समुद्रात उतरायला काष्ट्यासारखा पोशाख नाही, आपल्या कोळणींना विचारा.) बोटीसाठी एक शाल, आणि बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी, निघायच्या आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर नाही.

हिशेब साधारण असा बसतो. पोहण्याचा सेट 1500, तुमचे दोन झगे कापड-शिलाईसकट 2000, सासूबाईंच्या साड्या आणि परकर 2000, स्टोल 600, रुंद काठाची टोपी आणि ओल्या कपड्यांच्या झिपच्या पिशव्या 500. उरलेल्या पैशांना हात लावू नका. एलिफंट बीचला पाण्याखालचे फोटो काढून देतात, त्याला लागतील. अकरा जणांत त्या फोटोत बहुतेक तुम्ही एकट्याच असाल.

मिस्टरांचं ते 'तुला कोण बघतंय' राहिलं. त्यावर वाद घालू नका, पकडून ठेवा. नणंदेपुढे, सासूबाईंपुढे, जेव्हा जेव्हा कुणी भुवया उंचावेल तेव्हा तेच वाक्य त्यांच्या नावानिशी सांगा. हेच म्हणाले, तिकडे कोण बघतंय.

शेवटचं दागिन्यांचं, कारण ते कुणी सांगत नाही. ओल्या बोटांवरून अंगठी सरकते, मंगळसूत्र लाइफ जॅकेटच्या बकलात अडकून तुटतं, आणि त्या पाण्यात पडलेलं सोनं शोधायला कुणी जात नाही. घरी ठेवून साधी काळी पोत घालून निघा. ते सासूबाईंना चालणार नसेल तर त्या दिवशी पाण्यात उतरताना मंगळसूत्र काढून त्यांच्याच हातात द्या. त्या काही पाण्यात येणार नाहीत. रुमालात बांधून, कनवटीला लावून, तुम्ही बाहेर येईपर्यंत वाळूवर बसून राहतील. बँकेच्या लॉकरपेक्षा ते बरं.

आणि उद्याच कापड आणायला निघा. डिसेंबरात लग्नसराई असते, शिंपी ब्लाउजांत गळ्यापर्यंत बुडालेला असतो आणि त्याचा 'परवा' आठवड्याने येतो. त्याने विचारलं, कधी पाहिजे, तर विमानाची तारीख सांगू नका. दहा दिवस अलीकडची सांगा.